चित्र पुढे, आवाज मागे : दोष नेटचा नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या अंकात अलीकडेच एका वाचकांचं पत्र वाचलं. गावच्या सप्ताहातलं कीर्तन त्यांनी मोबाईलवर पाहिलं. महाराजांचे ओठ एक बोलत होते आणि कानावर दुसरंच पडत होतं. तासाभरानं तर महाराज पाणी पीत होते तेव्हा अभंगाचं चरण ऐकू येत होतं. खेड्यापाड्यांत नेट सुधारत नाही तोवर हे असंच चालायचं, असं म्हणून त्यांनी पत्र संपवलं होतं. त्यांची तळमळ मला अगदी मनापासून पटली, निष्कर्ष मात्र पटला नाही. हाच निष्कर्ष मी मंडळांच्या कार्यकर्त्यांकडून, क्लासवाल्यांकडून, लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या पोरांकडून सतत ऐकते. एकदा नेटवर खापर फुटलं की मूळ फाईल कुणी उघडूनही बघत नाही, आणि सहज दुरुस्त होऊ शकणारं चित्रण कायमचं तसंच राहतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते. पत्र लांबलं तर कृपया कापू नका, कारण यातली प्रत्येक गोष्ट कुणाच्या ना कुणाच्या उपयोगाची आहे.

मी मिरजेला राहते, सतारमेकर गल्लीपासून हाकेच्या अंतरावर. गाण्याच्या बैठका, कीर्तनं, व्याख्यानं यांचा आवाज मुद्रित करणं आणि वेगवेगळ्या कॅमेऱ्यांच्या, मोबाईलच्या फाईली त्या आवाजाशी जुळवून एक व्हिडिओ तयार करणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. सिंक (चित्र आणि आवाज यांचा मेळ) हललं म्हणून कामं घेऊन येणारी मंडळी माझ्याकडे रोजची आहेत.

नेट मंद असलं की चित्र अडकतं, त्याच्याबरोबर आवाजही अडकतो, पडद्यावर गोल चक्र फिरत राहतं आणि मग दोन्ही जिथे थांबले तिथून सोबतच पुढे जातात. नेट आवाजाला मागे ठेवून चित्राला पुढे काढत नाही. एक साधी परीक्षा करा. तुम्ही जो व्हिडिओ साताऱ्यात पाहताय तोच परगावच्या कुणाला तरी पाहायला सांगा. चाळिसाव्या मिनिटाला त्यालाही टाळ तेवढाच मागे ऐकू आला, तर दोष फाईलमध्येच आहे. ती जोडली गेली तेव्हाच तो तिच्यात शिरला. उलट तुमच्या एकट्याच्याच टीव्हीवर सगळेच व्हिडिओ असे दिसत असतील, तर तुमचा ब्लूटूथ स्पीकर किंवा हेडफोन काढून बघा. बिनतारी हेडफोन आवाज पोहोचवायला एक दशांश ते दोन दशांश सेकंद सहज घेतो. मोबाईलवरची बरीच ॲप चित्र तेवढं थांबवून हा फरक झाकतात, एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय बहुधा नसते. म्हणूनच ब्लूटूथ कानाला लावून सिंक जुळवणाऱ्या पोरांना मी पहिल्यांदा वायरचा हेडफोन घ्यायला लावते.

एवढ्याशा फरकानं काय बिघडतं, असं विचारणारेही भेटतात. माणसाचा डोळा-कान या बाबतीत फार चोखंदळ आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ च्या शिफारशीत म्हटलं आहे की आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद (मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग) आधी आला किंवा १२५ मिलिसेकंद उशिरा आला की तो खटकू लागतो. युरोपातल्या प्रसारकांचा दंडक आणखी कडक आहे, ४० आधी आणि ६० उशिरा. दोन्हींत आधी येणाऱ्या आवाजाला सूट कमी आहे, आणि त्याचं कारण कृष्णाघाटावर उभं राहिलं की कळतं. पैलतीरावर कुणी कपडे आपटत असेल तर हात खाली आलेला आधी दिसतो, आवाज मागून येतो. उशिरा येणाऱ्या आवाजाची आपल्याला जन्मापासून सवय आहे. हात पडायच्या आधी आवाज मात्र निसर्गात कुठेच ऐकू येत नाही, म्हणून तो लगेच टोचतो.

आता हे तबल्याला लावून पाहा. द्रुत तीनताल मिनिटाला २४० मात्रांच्या लयीत चालला असेल तर एक मात्रा पाव सेकंदाची, म्हणजे २५० मिलिसेकंदांची. आवाज १२५ मिलिसेकंद मागे पडला की अर्धी मात्रा गेली. सेकंदाला आठ अक्षरं वाजणारा रेला (सलग जलद बोलांची रचना) असेल तर एक अख्खं अक्षर गेलं: बोटं पुढचा बोल वाजवताना दिसतात आणि कानावर मागचा बोल पडतो. आमच्या भागातले एक तबल्याचे गुरुजी परगावच्या मुलांसाठी धडे मुद्रित करून पाठवतात. त्यांच्या एका धड्यात आवाज असाच मागे होता. मुलं गुरुजींचा हात बघून बोल बसवत होती आणि त्यांच्या आया विचारत होत्या, समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) येताना आमची मुलं का गडबडतात? मुलांची काहीच चूक नव्हती. डोळा एक सम शिकवत होता आणि कान दुसरी.

आणखी एक वर्ग आहे ज्याचा विचार कुणीच करत नाही. ऐकू कमी येणारी वयस्क माणसं. आमच्या वाड्यातल्या काकू कीर्तन ऐकतात म्हणण्यापेक्षा पाहतात. महाराजांच्या ओठांवर नजर ठेवून त्या शब्द पकडतात. ओठ आणि आवाज यांची फारकत झाली की त्यांना अर्धा शब्दही लागत नाही. घरातले म्हणतात, काकूंचं ऐकणं आणखी कमी झालं. कीर्तनाच्या व्हिडिओंचा मोठा प्रेक्षक याच वयाचा आहे, त्यामुळे हा प्रश्न मला तांत्रिक बारकाव्याचा वाटतच नाही.

दुरुस्तीचं म्हणाल तर सगळ्यात आधी एकच गोष्ट तपासायची: फरक सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच आहे, की वाढत जातो? सुरुवातीची दोन मिनिटं आणि शेवटची दोन मिनिटं पाहिली की उत्तर मिळतं. सारखाच असेल तर काम सोपं आहे. संगणकावर व्हीएलसी या मोफत व्हिडिओ-प्लेअरमध्ये जे (J) आणि के (K) ही दोन बटणं दाबून आवाज ५०-५० मिलिसेकंदांनी पुढे-मागे सरकवता येतो. किती सरकवल्यावर जुळलं तो आकडा लिहून ठेवायचा. व्हीएलसीत केलेला बदल फाईलमध्ये उतरत नाही. कायमचा बदल करायला एमकेव्हीटूलनिक्स नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात आवाजाच्या पट्टीपुढे तो आकडा मिलिसेकंदात भरला की नवी फाईल तयार होते, आणि चित्राची प्रत तसूभरही खराब होत नाही कारण काहीच पुन्हा रेंडर होत नाही, म्हणजे चित्रं नव्यानं तयार केली जात नाहीत.

फरक वाढत जात असेल तर मात्र नुसतं सरकवून भागत नाही, आणि घोळ नेमका इथे होतो. आपल्या पत्रलेखकांनी वर्णन केलं तसंच एक कीर्तन माझ्याकडे आलं होतं. कृष्णाकाठचं गाव, सप्ताहाचा शेवटचा दिवस, काल्याचं कीर्तन. दोन मोबाईल स्टँडवर लावलेले आणि स्पीकरवाल्याच्या मिक्सरमधून वायर काढून वेगळ्या रेकॉर्डरवर आवाज घेतलेला. योजना उत्तम होती. मंडळाच्या एका होतकरू मुलानं मोबाईलच्या चित्राखाली रेकॉर्डरचा आवाज लावला, सुरुवातीचा गजर जुळवला आणि व्हिडिओ टाकून दिला. सुरुवात झकास होती. अर्ध्या तासानंतर आवाज मागे पडू लागला आणि शेवटी, आरतीला, तो जवळजवळ दोन सेकंद मागे होता. लोकांच्या तक्रारी आल्यावर त्यानं अख्खा आवाज एक सेकंद पुढे ओढला. मग मध्यभाग जुळला, शेवट अर्धवटच सुधारला आणि सुरुवातीला टाळ वाजायच्या आधीच टाळाचा आवाज येऊ लागला. सचिव मला फोनवर म्हणाले, "ताई, आमच्याकडे रेंजच नाही हो, त्यामुळं व्हतंय सगळं."

मी म्हटलं, अपलोड केलेला व्हिडिओ मला नको, मोबाईलमधली मूळ फाईल हवी. तीही व्हॉट्सॲपवर पाठवू नका. ते फाईल दाबून लहान करतं आणि नव्यानं बांधतं. वायर लावून पेनड्राइव्हवर घ्या आणि एसटीनं पाठवलात तरी चालेल. एका मोबाईलमधली फाईल जागा व्हावी म्हणून पुसून टाकलेली होती. दुसऱ्यातली सुदैवानं शिल्लक होती.

मीडियाइन्फो नावाचं छोटं मोफत सॉफ्टवेअर आहे. फाईल त्यात टाकली की तिची सगळी जन्मकुंडली समोर येते. त्यात फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) मोडच्या पुढे 'व्हेरिएबल', म्हणजे बदलता, असं लिहिलेलं होतं, आणि तिथेच अर्धं निदान झालं. मोबाईल सेकंदाला ३० चित्रं घेतो असं आपण समजतो. दिवसा उघड्यावर तो साधारण तेवढी घेतोही. संध्याकाळी मांडवातला उजेड कमी झाला की प्रत्येक चित्राला जास्त वेळ प्रकाश मिळावा म्हणून बरेच मोबाईल चित्रांची संख्या उतरवतात, कधी २४ वर, कधी त्याहूनही खाली. उजेड वाढला की पुन्हा ३०. मोबाईल प्रत्येक चित्रावर त्याची नेमकी वेळ नोंदवून ठेवतो, म्हणून मोबाईलमध्येच पाहिलं तर सगळं जुळलेलं दिसतं. काही एडिटिंग सॉफ्टवेअर मात्र ती वेळ नीट वाचत नाहीत. चित्रं मोजतात आणि सरसकट ३० च्या वेगानं पुढे सोडतात. कमी घेतलेली चित्रं लवकर संपतात, चित्र पुढे पळतं आणि आवाज बिचारा आपल्या खऱ्या वेळेनं मागून येतो. त्या कीर्तनात अर्ध्या तासानंतर घसरण का सुरू झाली? त्या सुमारास सूर्य मावळला होता.

यावर उपाय एडिटिंगच्या आधीच करावा लागतो. हँडब्रेक हेही मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात फ्रेम रेटच्या जागी ३० निवडून 'कॉन्स्टंट' (स्थिर) या पर्यायावर टिचकी मारायची आणि फाईल नव्यानं काढायची. जिथे चित्रं कमी आहेत तिथे ते आधीचंच चित्र पुन्हा ठेवून वेळ भरून काढतं. तयार झालेली फाईल एडिटिंगला घ्यायची. एवढं केल्यावर त्या कीर्तनातली दोन सेकंदांची घसरण सेकंदाच्या एक तृतीयांशाच्या आत आली.

उरलेल्या फरकाचं कारण निराळं होतं. प्रत्येक यंत्राच्या पोटात स्फटिकाचं एक घड्याळ असतं आणि कुठल्याही दोन यंत्रांची घड्याळं तंतोतंत सारखी चालत नाहीत. रेकॉर्डर सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने, म्हणजे मोजमापं, घेतो म्हणतो, मोबाईलही ४८,००० म्हणतो, पण दोघांचा 'सेकंद' किंचित वेगळा असतो. दहा लाखांत पन्नासाचा फरक साध्या यंत्रांत अगदी सामान्य आहे. तासाला तो १८० मिलिसेकंद होतो. अर्ध्या तासाच्या मुलाखतीत कुणाला कळणार नाही. दोन तासांच्या कीर्तनात नक्की कळतो.

इथे वेळ काढून बसावं लागतं, आणि कामाचा हा भाग मला फार आवडतो. मोबाईलच्या स्वतःच्या माइकनं घेतलेला आवाज आणि रेकॉर्डरचा आवाज अशा दोन्हींच्या लाटा, म्हणजे आवाजाचे आलेख, मी पडद्यावर एकाखाली एक लावल्या. गजराच्या सुरुवातीला एका टाळकऱ्यानं एकट्यानं टाळ वाजवून बघितला होता. लाटेत तो सुईसारखा उभा दिसतो. आधी शांतता, मग एकदम टोक. ती दोन टोकं एकावर एक बसवली. मग थेट शेवटाला गेले. आरती संपल्यावर कुणाच्या तरी हातातला टाळ खाली ठेवताना वाजला होता, तीही सुई दोन्ही लाटांत स्पष्ट होती. रेकॉर्डरची सुई ३०० मिलिसेकंद मागे. दोन सुयांमधलं अंतर एक तास चाळीस मिनिटं, म्हणजे ६,००० सेकंद. ०.३ भागिले ६,०००, म्हणजे शेकडा ०.००५. ऑडॅसिटी या आवाजाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आवाजाचा वेग तेवढाच वाढवला आणि शेवटची सुई जागेवर आली. मधली कुठलीही जागा काढून बघा, मृदंगाची थाप आणि हात एकत्र.

वेग बदलला म्हणजे सूर चढला असेल, अशी शंका गाणाऱ्यांना येते आणि ती रास्त आहे. पण इतक्या बदलानं सूर पेटीवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी चढतो. तो कुणाच्याही कानाला कळणार नाही. ज्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये इतका बारीक आकडा भरता येत नाही त्यांनी अभंग आणि निरूपण यांच्यामधल्या निवांत जागा शोधाव्यात, तिथे आवाज कापून थोडा थोडा सरकवावा. गाणं चालू असताना मात्र कापू नये.

सूर खरोखर बिघडतो तो दुसऱ्या एका चुकीनं. सीडीच्या पद्धतीचा आवाज सेकंदाला ४४,१०० नमुन्यांचा असतो आणि व्हिडिओचा रिवाज ४८,००० चा. ४४,१०० चा आवाज एखाद्या सॉफ्टवेअरनं ४८,००० चा समजून वाजवला तर दहा मिनिटांचं गाणं नऊ मिनिटं अकरा सेकंदांत संपतं, आणि काळी एकमध्ये गाणारी बाई पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधेच कुठेतरी गाऊ लागते, पेटीवर न सापडणाऱ्या सुरात. असा व्हिडिओ ऐकून गायिकेच्या तयारीबद्दल मतं बनवली गेल्याचं मला माहीत आहे. फाईलच्या नोंदीत तो आकडा बदलून घेणं हे दोन मिनिटांचं काम आहे.

कॅमेऱ्यांचंही तसंच. भारतात वीज ५० हर्ट्झची, म्हणून आपल्या टीव्हीचा वेग सेकंदाला २५ चित्रं. अमेरिकेत तो ३० होता. १९५३ मध्ये तिथे रंगीत टीव्ही आला तेव्हा रंगाचा संकेत आवाजाच्या संकेतात मिसळू नये म्हणून तो किंचित उतरवून २९.९७ केला. आजही बरेच कॅमेरे ३० म्हणत २९.९७ नंच चित्रं घेतात. ती फाईल खऱ्या ३० ची समजून चालवली की तासाला ३.६ सेकंदांचा फरक पडतो. फरक तासाला साडेतीन-पावणेचार सेकंदांच्या आसपास आणि अगदी समान गतीनं वाढत असेल, तर दुसरीकडे कुठे शोधू नका.

तुकडे जोडण्याबद्दल थोडं. जुन्या पद्धतीच्या मेमरी कार्डावर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल बसत नाही, म्हणून कॅमेरा लांब कार्यक्रमाचे तुकडे पाडतो. प्रत्येक तुकड्यात चित्राची लांबी आणि आवाजाची लांबी तंतोतंत सारखी नसते, कारण चित्र २५ च्या हिशेबात ४० मिलिसेकंदांच्या घासानं संपतं आणि एएसी या दाबून साठवण्याच्या पद्धतीचा आवाज १,०२४ नमुन्यांच्या, म्हणजे सुमारे २१ मिलिसेकंदांच्या घासानं. जोडणारं सॉफ्टवेअर जर सगळी चित्रं एका रांगेत आणि सगळे आवाज दुसऱ्या रांगेत नुसते चिकटवत गेलं, तर प्रत्येक सांध्याला थोडी थोडी तूट साचते. दोन-तीन तुकड्यांत ती दिसत नाही. दहा-बारा तुकड्यांनंतर ओठ हललेले कळतात. सांध्यावर फरक उडी मारून वाढत असेल आणि तुकड्याच्या आत स्थिर राहत असेल, तर रोग हाच. अशा वेळी प्रत्येक तुकडा आपल्या आवाजासकट टाइमलाइनवर स्वतंत्र ठेवायचा आणि रेकॉर्डरच्या अखंड आवाजाशी वेगवेगळा जुळवायचा. काही कॅमेरे सांध्याला एखाद-दोन चित्रं गाळतात, तेही यातून भरून निघतं. आणि एका मोबाईलचा तुकडा, एका कॅमेऱ्याचा तुकडा, एक कुणीतरी दुसरीकडून पाठवलेला, असे सगळे तसेच्या तसे कधीही जोडू नयेत. आधी सगळ्यांना एका मापाला आणायचं: एकच स्थिर फ्रेम रेट, ४८,००० चा आवाज. मग जोड.

लाटा आपोआप जुळवून देणारं बटण आता बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये आहे. चांगली सोय आहे, पण तिच्यावर डोळे मिटून भरवसा ठेवू नये. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. कॅमेरा मांडवाच्या मागच्या टोकाला, १७ मीटरवर असेल तर त्याच्या माइकपर्यंत आवाज ५० मिलिसेकंद उशिरा पोहोचलेला असतो. मिक्सरमधला आवाज त्या माइकच्या लाटेशी जुळवला की तोही चित्रापेक्षा ५० मिलिसेकंद उशिरा बसतो. म्हणून आपोआप जुळवल्यावर झूम करून गायकाचे ओठ किंवा तबल्यावरचा हात पाहायचा आणि मिक्सरचा आवाज गरजेप्रमाणे एक-दीड चित्रानं अलीकडे आणायचा. बैठकीच्या चित्रणात मी हे न चुकता करते.

जुन्या व्हीएचएस कॅसेटींची गोष्ट सगळ्यात क्लेशदायक आहे. लग्नं, मुंजी, गावोगावच्या संगीत सभा या कॅसेटींत पडून आहेत. फीत जिथे खराब असते तिथे संगणकाला जोडलेला स्वस्त कॅप्चर कार्ड (कॅसेटवरचं संगणकात उतरवणारा) चित्रं गाळतो, आवाज मात्र चालूच राहतो. प्रत्येक खराब जागेनंतर आवाज आणखी मागे. टाइम बेस करेक्टर नावाचं, फितीतून डळमळत येणारा संकेत स्थिर करणारं यंत्र मधे लावलं तर हे बऱ्याच अंशी टळतं, आणि ते नसेल तर गाळलेल्या चित्रांची जागा भरून घेणारं सॉफ्टवेअर तरी वापरावं. एका संस्थेनं आपल्या जुन्या संगीत सभांच्या कॅसेटी अशाच कुठेतरी देऊन डीव्हीडी करून घेतल्या आणि कॅसेटी बुरशी आली म्हणून फेकून दिल्या. त्यातल्या एका मैफलीत तानपुरा लावताना बोटं तारेवरून उठतात आणि स्वर मागून येतो. गायक आता हयात नाहीत. गाळलेली चित्रं गेली ती गेली. मी जागोजागी आवाज कापून सरकवला, तरी आलापाच्या मधे कापायचं माझ्यानं झालं नाही आणि तेवढा भाग तसाच राहिला आहे. कॅसेट शिल्लक असती तर तो भागही जुळला असता.

म्हणून आपल्या वृत्तपत्रामार्फत मंडळांना, संगीतसभांना, कीर्तन महोत्सवांना आणि शाळा-कॉलेजांना माझी कळकळीची विनंती आहे. काम कुणाला द्यायचं ते द्या, पण मुद्रण सुरू झालं की सगळ्या कॅमेऱ्यांना दिसेल असं उभं राहून एकदा टाळी वाजवा, आणि कार्यक्रम संपल्यावर, यंत्रं बंद करायच्या आधी, पुन्हा एकदा वाजवा. सुरुवातीची टाळी बरेच जण वाजवतात. शेवटची जवळजवळ कुणीच वाजवत नाही, आणि वाढत जाणारा फरक मोजायला तीच लागते. मोबाईलमधली, कार्डावरची मूळ फाईल आणि रेकॉर्डरचा मूळ आवाज वेगळ्या डिस्कवर उतरवल्याशिवाय कार्ड रिकामं करू नका. तयार व्हिडिओ ताब्यात घेताना पैसे देण्याआधी त्याची शेवटची पाच मिनिटं बघा. पहिली पाच मिनिटं सगळ्यांचीच जुळलेली असतात. कॅसेटी डिजिटल करून घ्याल तर मूळ कॅसेटी परत मागा आणि कोरड्या जागी ठेवा. या चार गोष्टींना एक रुपया लागत नाही.

ज्या संस्था अशा मुद्रणांसाठी अनुदान देतात त्यांनी कामाच्या करारातच मूळ फाईली जमा करण्याची अट घालावी. आज करारात मिनिटं असतात, प्रतींची संख्या असते, मुखपृष्ठावर कुणाचं बोधचिन्ह कुठे छापायचं तेही असतं. शेवटच्या मिनिटाला ओठ आणि आवाज जुळलेला हवा, ही ओळ मी अजून कुठल्या करारात वाचलेली नाही.

आपल्या संकेतस्थळावर मुलाखतींचे व्हिडिओ येतात तेही मी आवर्जून पाहते. लांब मुलाखतींत उत्तरार्धात आवाज मागे पडल्याचं अधूनमधून जाणवतं. आपल्या तंत्रविभागाला मूळ फाईली मीडियाइन्फोमध्ये एकदा तपासायला सांगावं. वर लिहिलेल्या कारणांपैकीच एखादं निघेल.

ज्या वाचकांचं पत्र वाचून हे लिहिलं त्यांना एवढंच कळवावं: त्या कीर्तनाच्या मूळ फाईली मंडळाकडे असतील तर ते कीर्तन पूर्ववत जुळेल. मंडळाच्या सचिवांना आजच फोन करून मोबाईलमधलं काही पुसू नका म्हणून सांगा. गणेशोत्सवाच्या तोंडावर कार्यकर्ते कार्डं आणि मोबाईल रिकामे करायला घेतात, तेव्हा हे पत्र त्याआधी छापलंत तर बरं होईल.

आपली,
ध्वनिमुद्रणाचं काम करणारी एक वाचक
मिरज, जि. सांगली